भाषणापुरता डॉक्टर

...नाही, पण मी काय म्हणतो, पलंग आणायचा तर खुशाल आणा, नको कोण म्हणतंय? पण त्या पलंगावर माझ्याच काकांना कशाला झोपवायचं?

तुम्हाला सांगतो, आमचे काका शिंपी. उभा जन्म शिलाई मशीनवर गेला. साखरेचं दुखणं जुनं, त्यात चप्पल चावून अंगठ्याला फोड आला, तो फुटला, चिघळला, तरी काकांचं आपलं पायडल चालूच. काकू रोज मागे लागायची, दाखवून या, दाखवून या. काका म्हणायचे, कुणाला दाखवू, कुलपाला? कारण आमच्या आरोग्य केंद्राला डॉक्टरच नाही. जुना बदलून गेला, नवा येणार येणार म्हणून सगळे सांगतात, अजून येतोच आहे बिचारा... चालत निघालाय की काय देव जाणे.

तर त्या दिवशी पाय फारच ठणकायला लागला म्हणून मी काकांना सायकलवर मागे बसवून निघालो, केंद्रात निदान नर्स भेटली तर पट्टी तरी बदलून घेऊ म्हणून, आणि बघतो तर काय, केंद्र उघडं. भिंतींना रंग, तोही ओला. खिडकीला पडदे, मधोमध कोरा पलंग, पांढरी चादर, आणि खुर्चीत डॉक्टर. अगदी खराखुरा, गळ्यात स्टेथोस्कोप वगैरे. काकांनी माझा खांदा दाबला. म्हणाले, "बघ, आपलं नशीब."

कसलं नशीब. उमेदवार येणार होता. पलंग त्याचा, पडदे त्याचे, डॉक्टरही त्यानेच शहरातून गाडीत घालून आणलेला. सगळं होतं, फक्त पेशंट नव्हता, कारण इथे येऊन काही उपयोग नाही हे गावाला पाठ झालेलं. त्यामुळे काका दिसल्याबरोबर कार्यकर्ते जे धावले, या बाबा, या बाबा, झोपा, आडवे व्हा, जरा कण्हा... काकांना कण्हायला सांगावं लागलं नाही.

पण डॉक्टर भला माणूस हो. फोटोपुरता होता, तरी त्याने पट्टी सोडली. सोडली आणि त्याचा चेहराच उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काळं वर सरकतंय. आजच्या आज मोठ्या दवाखान्यात हलवा, नाहीतर पाय वाचत नाही." मी म्हटलं, हलवू कशात, सायकलवर? तेवढ्यात बाहेर गाड्या थांबल्या, हार पडले, माइक खरखरला.

आणि काका आपले पडून.

पलंगाशेजारीच भाषण सुरू. काय तो आवाज. "बंधू-भगिनींनो, आपल्याला नियमांनी मारलंय. डॉक्टर नेमायचा, नियम. औषध आणायचं, नियम. मला निवडून द्या, निम्मे नियम केराच्या टोपलीत टाकतो." टाळ्या. मीसुद्धा वाजवल्या, खोटं कशाला बोलू, बोलत चांगला होता. मग खेड्यातल्या आरोग्यावर आला. म्हणे, खेड्यातला पेशंट शहरात जाणार नाही, शहर पेशंटकडे येईल. पुन्हा टाळ्या.

आणि काका आपले पडून.

डॉक्टरला राहवेना. तो सरळ उमेदवाराच्या कानाशी गेला, पेशंटला हलवायचंय, तुमची एक गाडी द्या म्हणाला. उमेदवाराने छातीवर हात ठेवला. "डॉक्टर, मी तर एका पायावर तयार आहे." अहो, कुठल्या पलंगाशेजारी उभं राहून काय बोलावं माणसानं? "पण काय करणार, निवडणुकीच्या काळात उमेदवाराच्या गाडीत मतदार बसवता येत नाही. नियम आहे."

आता हा एवढा एकच नियम टोपलीबाहेर कसा राहिला, विचारणार कोण? तो पुन्हा माइककडे वळला आणि नागरिकांच्या कर्तव्यावर घसरला. काकांच्या पायाकडे बोट दाखवून म्हणतो, "तब्येत सांभाळणं हेही कर्तव्यच आहे. सगळं सरकारवर टाकून कसं चालेल?" काकांनी काय करावं? चादर ओढून पाय झाकला. इतकी वर्षं लोकांची अंगं झाकली त्या माणसानं, आणि त्या दिवशी त्याला स्वतःच्या पायाची लाज वाटली. मला ते बघवेना.

भाषण संपलं आणि आवराआवर. डॉक्टर गाडीत, कारण पुढच्या गावातही भाषण होतं. जाताना माझा हात धरून म्हणाला, उशीर करू नका. मग पडदे गेले, चादर गेली आणि शेवटी दोघं जण पलंग न्यायला आले. काकांना उठवून बाकावर बसवलं, तेही अगदी अदबीनं, बाबा, जपून, बाबा, सावकाश.

संध्याकाळची बस आलीच नाही. दुसऱ्या दिवशी पोचलो तर तिथले डॉक्टर माझ्यावरच ओरडले, काल का नाही आणलंत? काय सांगू त्यांना, काल आम्ही भाषण ऐकत होतो? पाऊल कापावं लागलं. घरी आल्यावर काकूनं मशीनवर कापड टाकलं आणि स्वतः पायडलवर बसली. येत काही नव्हतं. काका बाजूला बसून शिवण सांगत होते, आणि दोरा आपला तुटतोय, तुटतोय...

मतदानाच्या दिवशी काका हट्टालाच पेटले, मला न्या. खुर्चीसकट उचलून नेले. बाहेर आल्यावर विचारलं, कुणाला दिलंत? म्हणाले, त्यालाच. तुम्हाला सांगतो, खुर्ची तिथेच रस्त्यात ठेवली मी. म्हटलं, काका, त्याला? त्या माणसाला?

काका शांतपणे म्हणाले, "अरे, दुसरा तर नुसता लाउडस्पीकर घेऊन आला होता. ह्याने निदान डॉक्टर दाखवला तरी."