सात बाप आणि एक अर्ज

नाही म्हटलं ना, आजोबा — हे असलं मी टाइप करणार नाही. आणि ती टोपी आधी प्रिंटरवरून उचला. जमिनीवर ठेवायची नसते, ठाऊक आहे मला, मीही किरगीझच आहे — मग डोक्यावर घाला, डोकं कशाला दिलंय? हं. आता बघा. बिश्केकच्या विद्यापीठाला काय हवंय? अर्जासोबत एक पत्र. कोणाचं? बुरुलचं, तुमच्या नातीचं. जनावरांची डॉक्टर का व्हायचंय, ते तिनं पाचशे शब्दांत सांगायचं. आणि तुम्ही काय लिहून आणलंत? ‘मी एसेनची मुलगी, एसेन जुमाबायचा, जुमाबाय तोकोयचा’ — सात पिढ्यांचे सातही बाप! कोणाच्या मेंढ्या किती, कोणाचा घोडा कुठल्या शर्यतीत पहिला — तीनशे ऐंशी शब्द, मोजलेत मी. बुरुल कुठे आहे? शेवटी, सहीपुरती.

काय? सात बाप ज्याला येत नाहीत तो गुलाम? ती म्हण मला नका ऐकवू. तिथल्या बाईंना तुमच्याशी सोयरीक जुळवायची नाहीये. आणि यात आई कुठेच कशी दिसत नाही? सात बाप काय मेंढ्यांनी जन्माला घातले? हसू नकोस गं बुरुल, साडेतीन वाजलेत, पाचला अर्ज बंद होतो. आज चुकलं तर शरदात हिचं लग्न — आल्या आल्या तुम्हीच म्हणालात, आजोबा, तेही हसत हसत.

आणि हे खाली — ‘आजोबांनी अडलेली घोडी सोडवली, ते पाहून मला प्रेरणा मिळाली.’ तुम्ही सोडवलीत? मग पोरीनं मान का खाली घातली? बुरुल, तू बोल. हात कोणी घातला? — तू? कोपरापर्यंत? — आणि आजोबा काय करत होते? पाणी तापवत होते! ऐकलंत? शिंगरू जगलं का गं? जगलं. वा! आणि गावभर नाव तुमचं. का, तर पोरीच्या जातीला शोभत नाही. शिंगराला विचारलंत का, कोणाचा हात शोभला ते?

मी उद्धट? असेन. माझ्या बापानंही असंच पत्र सांगितलं, मी मुकाट लिहिलं. त्यानं मला शिकायला जाऊच दिलं नाही — असं सांगते मी सगळ्यांना. खोटं आहे ते. जाऊ दिलं होतं. नवे बूट घेतले, नारीनपासून बिश्केकपर्यंत मिनीबसमध्ये शेजारी बसून आला. मुलाखतीत बाई म्हणाल्या, पत्र ठेव बाजूला, तुझं सांग. मी सातही बाप घडाघडा म्हणून दाखवले. त्या म्हणाल्या, छान, पुढे? आणि पुढे — काही नव्हतंच हो. बाप बाहेर उभा, दाराला कान लावून, आणि मी आत त्या नव्या बुटांकडे बघत. त्याचा काय दोष? — असं बघू नका माझ्याकडे. दया नकोय मला. इथं झेरॉक्स काढते, पोट भरतं.

सरका तिकडे. मीच लिहिते, दहा मिनिटांत होईल. ‘या गावातून, या म्हाताऱ्यांच्या तावडीतून मला सुटायचंय’ — काय गं? मान का हलवतेस? सुटायचं नाहीये? शिकून परत यायचंय? इथं? — घोड्यांसाठी? वेडी आहेस का, इथं परत कोणी — बरं. बरं. मग हे कोणाचं लिहिलं मी आत्ता?



उठा आजोबा. उठा म्हणते ना. बुरुल, खुर्ची पुढे ओढ, हे सगळं पूस, माझंही, आणि लिही. अडलीस तरी हाक मारू नकोस. चला हो, मीपण येतेय बाहेर, दार ओढून घ्या. आणि बाकावर बसल्यावर माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही.