दुसऱ्याच्या मशीनवर

बायको गेल्यापासून म्हातारा दवाखान्यात एकटाच यायचा. आज बाकावर त्याच्या शेजारी एक तरुण जोडपं भांडत होतं. दोघं एकाच ऑफिसात, एकाच प्रोग्रॅमवर काम करणारी.

“प्रोग्रॅम कंपाइल होईना म्हणून सरांनी सगळ्यांदेखत मला झापलं. आणि तू मिठाची गुळणी धरून बसलास!”

“माझ्या मशीनवर होत होता गं.”

“होणारच! प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये तू तुझ्याच मशीनवरच्या फोल्डरचा पत्ता लिहून ठेवलास. तो फोल्डर बाकीच्यांकडे कुठून येणार?”

“घाईत राहून गेलं. तू केलंस ना दुरुस्त? मग मिटलं.”

“मिटलं? उद्यापासून मला त्या कामावरून काढलंय! सरांना फोन कर. चूक माझी होती म्हणून सांग.”

“घरी गेल्यावर बघू.”

“घरी नाही, आत्ता!”

तेवढ्यात तिचा नंबर पुकारला. ती तरातरा आत गेली. नवऱ्याने मोबाइल खिशात टाकला आणि म्हाताऱ्याकडे बघून हसला.

“काय काका, घरोघरी मातीच्या चुली. तुमच्याकडेही असंच असेल!”

“असायचं,” म्हातारा खेकसला. “काढ तो मोबाइल. ती बाहेर यायच्या आत फोन लाव.”