हात खिशात

(भरदुपार. फोनवरचं बोलणं. ऑर्विल रिंताला आपल्या घराच्या चढणीवर गुडघाभर बर्फात उभा. सिल्वी हुहता तळ्याच्या पलीकडे आपल्या स्वयंपाकघरात.)

ऑर्विल : परत मेली! ऐकलंस? तू फोनवर असतानाच मेली.

सिल्वी : ऐकलं. आधी खोकली, मग मेली. कोण बोलतंय म्हणालास?

ऑर्विल : दोनदा सांगितलं, सिल्वी. ऑर्विल. तुझ्या नवऱ्याचा, वाल्फ्रिडचा, सख्खा मावसभाऊ.

सिल्वी : हां, तो ऑर्विल. सख्खा म्हणालास ना, म्हणून ओळख पटायला वेळ लागला.

ऑर्विल : टोमणे मागाहून मार. या एटीव्हीचं, या चारचाकी धुडाचं, काय करू ते सांग. पातं खाली सोडतो, बर्फ लोटत निघतो, दहा-पंधरा मिनिटं झकास चालते. मग गचके खाते आणि बंद. जरा उभी ठेवली की पुन्हा सुरू. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा तेच.

सिल्वी : उभी ठेवली की आपली आपण सुरू होते?

ऑर्विल : होते. जसं काही झालंच नव्हतं!

सिल्वी : अस्सं. थांब हं, कॉफी ओतून घेते.

ऑर्विल : इथे थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठतेय आणि तू कॉफी ओततेस?

सिल्वी : वेलदोड्याचा पावही कापतेय. आत्ताच भट्टीतून काढलाय. ऑर्विल, गाडी बिघडली की लोक गॅरेजवाल्याला फोन करतात.

ऑर्विल : तो ऊन खायला फ्लोरिडात जाऊन पडलाय. मार्चशिवाय येत नाही.

सिल्वी : गावात दुसरं कोणी नाही? रेमंड आहे, बर्टिल आहे.

ऑर्विल : कोणी फोन उचलत नाही.

सिल्वी : उचलतात रे. तुझा उचलत नाहीत.

ऑर्विल : ठाऊक आहे मला! म्हणून तर तुला केला. अडलं की माणसाला गाढवाचेही पाय धरावे लागतात.

सिल्वी : म्हणजे मी गाढव. चालेल. गाढवाला लाथ मारता येते. बरं, पेट्रोल आहे?

ऑर्विल : टाकी भरलेली आहे. मी काही दूधपितं पोर नाही.

सिल्वी : मग स्पार्क प्लग काढ. पाना सीटखालच्या डब्यात असेल, वाल्फ्रिड तिथेच ठेवायचा. मोजे काढ हातातले.

ऑर्विल : या थंडीत?

सिल्वी : मोजे घालून स्पार्क प्लग निघाला तर मला फोटो पाठव. स्वयंपाकघरात लावते.

ऑर्विल : आई गं... लोखंड चावतंय हाताला. थांब. हां, निघाला.

सिल्वी : टोकाचा रंग?

ऑर्विल : बदामी.

सिल्वी : बदामी म्हणजे ठणठणीत. पुसून परत लाव.

ऑर्विल : ठणठणीत होता तर काढायला कशाला लावलास?

सिल्वी : डॉक्टर जीभ बाहेर काढायला सांगतो, तेव्हा त्याला विचारतोस? आता सीटखालची हवेची पेटी उघड. चार चिमटे आहेत. आत बर्फ गेलाय का बघ.

ऑर्विल : बोटं वळत नाहीयेत.

सिल्वी : एक-एक चिमटा काढ. मला घाई नाही.

ऑर्विल : ...कोरडी आहे. खडखडीत. बर्फाचा कणही नाही.

सिल्वी : नसणारच. पेटी वाल्फ्रिडने स्वतः बांधली होती. पुढचं पातंसुद्धा त्यानेच बसवलं. दुखणं अंगात भिनलेलं, तरी तीन दिवस शेडमध्ये वेल्डिंग करत बसला होता. म्हणाला, सिल्वी, मी नसलो तरी तुला फावडं हातात धरावं लागणार नाही.

ऑर्विल : माणूस कामाचा होता, कोण नाही म्हणतंय? पुढे सांग.

सिल्वी : पुढे सांगते. आज सकाळपासून मी फावड्याने बर्फ काढलाय. दार ते रस्ता. अडुसष्टाव्या वर्षी. हे पुढचं. आता कार्ब्युरेटरच्या बुडाशी एक स्क्रू आहे. तो सोड आणि त्याच्या वाटीतलं पेट्रोल खाली काढ. पाणी आहे का बघ.

ऑर्विल : खाली काय धरू?

सिल्वी : हात धर. रंग नीट दिसतो.

ऑर्विल : आआ! मेलो! अगं, हे पेट्रोल नाही, सुऱ्या आहेत! बोटं गेली माझी!

सिल्वी : थंडीत पेट्रोल अंगावर आलं की असंच होतं. पाणी होतं?

ऑर्विल : नव्हतं! एक थेंब नव्हता! तू... तू मुद्दाम करतेयस हे सगळं. लिलावाचा राग काढतेयस.

सिल्वी : कोणता लिलाव?

ऑर्विल : साळसूदपणा करू नकोस! लिलाव म्हणजे लिलाव. बँकेने कर्जापायी जाहीर केला होता, कोणालाही बोली लावायला मुभा होती. मी बोली लावली, गाडी घेतली, पावती माझ्याकडे आहे. चोरी नाही केली.

सिल्वी : चोरी केली असतीस तर बरं होतं. चोराला तोंड लपवायची तरी अक्कल असते. माझ्या अंगणात सगळा गाव उभा होता, ऑर्विल. मातीला पंधरा दिवस झाले नव्हते वाल्फ्रिडच्या. बर्टिल टेबलावर उभा राहून एक-एक वस्तू पुकारत होता. होडी काढली. मी म्हटलं, एक डॉलर. पुढे कोणी बोललं? करवत काढली, ट्रॅक्टर काढला. मी म्हणायचे एक डॉलर, आणि सगळा गाव हात खिशात घालून बुटांकडे बघायचा. बँकेचा माणूस घामाघूम झाला. विधवेच्या अंगणात तिच्यापुढे बोली लावायची नसते, वस्तू तिची तिला परत मिळते. आपल्या आजोबा-पणजोबांपासून नाही.

ऑर्विल : मी तीस वर्षं डेट्रॉइटला कारखान्यात होतो. इथल्या रिती विसरलो.

सिल्वी : विसरलास? तुझ्या आजोबांची गाय अशीच परत आली होती. त्या गायीच्या दुधावर तुझी आई वाढली. आणि खोटं बोलू नकोस, मी बघत होते. एटीव्ही पुकारली तेव्हा तुझे दोन्ही हात खिशात होते, सगळ्यांसारखे. मग एक बाहेर आला. विसरलेल्या माणसाचे हात खिशात कसे गेले रे?

ऑर्विल : माझी चढण बघितलीयस ना? मला गाडी हवी होती. दुकानात नवी घ्यायची ऐपत नाही. झालं?

सिल्वी : झालं. मग आता हवी होती ती गाडी तुझ्याकडे आहे. लोट बर्फ.

ऑर्विल : सिल्वी, फोन ठेवू नकोस. ऐक. तीन वाजता व्हॅन येणार आहे.

सिल्वी : कसली व्हॅन?

ऑर्विल : काही नाही. माझं काम आहे.

सिल्वी : मग तुझ्या कामासाठी तू फावडं घे. फावडं कसं धरतात ते मी सांगते.

ऑर्विल : इस्पितळाची! सायमाला आणतायत. खुब्याचं ऑपरेशन झालंय तिचं. चढण साफ नसेल तर ड्रायव्हर वर येणार नाही, सरळ परत घेऊन जाईन म्हणालाय. अर्धा मैल आहे, सिल्वी. फावड्याने उद्यापर्यंत होणार नाही.

सिल्वी : तुझी बायको इस्पितळात होती?

ऑर्विल : तीन आठवडे.

सिल्वी : आणि हे तू आत्ता सांगतोस? हात जाळून घेतल्यावर?

ऑर्विल : तिनेच बजावलं होतं. म्हणाली, सिल्वीपुढे माझं नाव घेऊन भीक मागायची नाही.

सिल्वी : ...पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघड.

ऑर्विल : टाकी भरलेली आहे, सांगितलं ना.

सिल्वी : तोंड बंद कर आणि झाकण उघड.

ऑर्विल : उघडतो... अरे! सुस्स केलं काहीतरी. मोठ्याने. हवा आत ओढली जणू.

सिल्वी : लाव झाकण. स्टार्टर दाब.

ऑर्विल : ...सुरू झाली! एका फटक्यात!

सिल्वी : टाकीलाही श्वास लागतो. पेट्रोल खाली उतरतं तशी वरून हवा आत यावी लागते. ते हवेचं भोक पात्यावरून उडणाऱ्या बर्फाने बुजतं. मग पेट्रोल अडून बसतं आणि इंजिन उपाशी मरतं. उभी ठेवलीस की हळूहळू हवा झिरपते, म्हणून पुन्हा सुरू होते. आज दहा-दहा मिनिटांनी थांब, झाकण उघड, सुस्स ऐकलंस की लाव. चढण होईल तीनच्या आत.

ऑर्विल : एवढंच? फक्त झाकण?

सिल्वी : एवढंच.

ऑर्विल : तुला कधी कळलं?

सिल्वी : तू म्हणालास ना, उभी ठेवली की आपली आपण सुरू होते. तेव्हाच.

ऑर्विल : म्हणजे तो स्पार्क प्लग, ती पेटी, ते पेट्रोल हातावर...

सिल्वी : ते माझ्यासाठी होतं.

ऑर्विल : डाकीण आहेस तू!

सिल्वी : आहे. मे महिन्यातल्या त्या लिलावापासून झालेय.

ऑर्विल : पण वाल्फ्रिडच्या हातात ही कधी बंद पडल्याचं आठवत नाही. तो तर तासन्‌तास चालवायचा.

सिल्वी : त्याने त्या भोकावर रबरी नळी चढवून वर हँडलखाली नेली होती, कोरड्या जागी.

ऑर्विल : थांब, बघतो. इथे नळीबिळी काही नाही.

सिल्वी : नसेलच. माझ्या हातात आहे.

ऑर्विल : काय?

सिल्वी : तू गाडी न्यायला ट्रक आणायला गेलास ना, तेव्हा काढून घेतली. बर्टिलने गाडी पुकारली होती, नळी नव्हती पुकारली. खिडकीजवळ खिळ्याला टांगलीय. पहिला बर्फ पडला तेव्हापासून फोनकडे बघत बसलेय. यंदा बर्फानेही उशीर केला मेल्याने.

ऑर्विल : ठेव तुझी नळी! वीतभर रबर कोणत्याही दुकानात मिळतं. संध्याकाळी मी स्वतः बसवीन.

सिल्वी : मिळेल की. नळी मिळेल. फोन उचलणारी माणसं कोणत्या दुकानात मिळतात ते सांग. तीन आठवडे म्हणालास. सायमाला बघायला कोण-कोण गेलं?

ऑर्विल : कोणी नाही.

सिल्वी : चर्चच्या बायका?

ऑर्विल : कोणी नाही म्हणतोय ना! रोज दुपारी दाराकडे बघायची. शेवटी म्हणाली, पलंग फिरवून दे, खिडकीकडे तोंड करते.

सिल्वी : लिलावाच्या दुसऱ्या दिवशी ती आली होती माझ्याकडे. तुला न सांगता. इथे या टेबलाशी बसून रडली. आणि मी तिला कॉफीसुद्धा विचारली नाही. तुझा राग होता, पण तू हाताशी नव्हतास, ती होती.

ऑर्विल : तिने मला कधी सांगितलं नाही.

सिल्वी : ती नाहीच सांगायची. आता ऐक. येत्या रविवारी, चर्च सुटल्यावर, तुझ्या अंगणात लिलाव. बर्टिलला मी सांगते, गावालाही मीच बोलावते. पुकारायची एकच वस्तू.

ऑर्विल : गाडी.

सिल्वी : गाडी. मी म्हणेन, एक डॉलर.

ऑर्विल : आणि माझी ही चढण? सायमाला तपासणीला न्यायचं झालं तर?

सिल्वी : मी करीन साफ. नळी लावून. जेव्हा-जेव्हा बर्फ पडेल तेव्हा येईन, वाल्फ्रिडच्या गाडीवर बसून, आणि तू खिडकीतून बघायचंस. मग आत जाऊन सायमाबरोबर कॉफी घेईन. तू त्या वेळी शेडमध्ये जाऊन बसत जा.

ऑर्विल : सगळ्या गावासमोर मला उघडा पाडणार.

सिल्वी : मी नाही. मे महिन्यात तू आपला आपणच पडलास. मी फक्त झाकतेय. नको असेल तर नको म्हण, रबराचं दुकान सहापर्यंत उघडं असतं.

ऑर्विल : ...मग मी काय करायचं तिथे? रविवारी?

सिल्वी : गर्दीत उभं राहायचंस. पुढे. मला दिसशील असा.

ऑर्विल : कबूल.

सिल्वी : इंजिनाच्या आवाजात ऐकू नाही आलं.

ऑर्विल : कबूल म्हटलं! आता ठेव फोन, मला पातं खाली सोडायचंय.

सिल्वी : सोड. सायमाला म्हणावं, संध्याकाळी पाव घेऊन येतेय. ऑर्विल?

ऑर्विल : आता काय?

सिल्वी : मोजे घातलेस?

ऑर्विल : घालता येत नाहीयेत. बोटं लाकडासारखी झालीत, हँडलही धरवत नाही.

सिल्वी : मग मिनिटभर थांब, इंजिन तोवर गरम होऊ दे. हात खिशात घाल.

ऑर्विल : दोन्ही?

सिल्वी : दोन्ही.