व्हायोलिनचा वाटा

दुपारची कच्चेरी, म्हणजे गाण्याची मैफल, साधली, तर पुढच्या मार्गळी महिन्यातल्या संगीतमहोत्सवात गायिका अलमेलूला संध्याकाळची वेळ मिळणार होती आणि तिच्यामागोमाग व्हायोलिनवाल्या शेषन मामांनाही. संगीतसभेच्या कॅन्टीनमध्ये रांगेत दोघांच्या मागे उभ्या असलेल्या, गाणं ऐकायला आलेल्या कमलांबाळला नुसती कॉफी हवी होती, पण कान पुढे लागले.

“मामा, ऐकू येण्यासाठीचं कानातलं नवं मशीन तंबोऱ्याला पंख्याची घरघर समजून दाबून टाकतंय. सूर धरू कुठे?”

“तासाभरावर कच्चेरी, आणि आत्ता सांगतेस?”

“काल सांगितलं असतं, तर आला असतात?”

“मग मशीन काढ.”

“काढणारच आहे. तंबोरा मीच धरते, गालाला टेकवून. षड्ज हाडातून कळतो.”

“गाणारीनं स्वतः तंबोरा? लोक म्हणतील, हिच्याकडे एक शिष्या टिकत नाही.”

“म्हणू देत. बेसूर तर म्हणणार नाहीत!”

“आणि तुझ्या आलापीनंतर मी व्हायोलिनवर तोडी आळवणार, ती संपली हे तुला मशीनशिवाय कळणार कसं?”

“तेच तर. तुम्ही डोळे मिटून डोलत बसता, खूण कोण करणार?”

“मग?”

“आज तुमची आलापी नको.”

“महिनाभर घासतोय गं ती!”

“ठाऊक आहे, मामा.”

“...आधी कॉफी घे. नाही वाजवत आज.”

कच्चेरीत अलमेलूचा षड्ज शेवटपर्यंत हलला नाही. टाळ्या तिला मिळाल्या, संध्याकाळची वेळ दोघांना. तोडीची आलापी मात्र एकट्या मामांची हुकली.