आमच्या ह्यांचं नाव

…नाही पाव्हणे, नाव तेवढं नका विचारू. बसा, लाडू खा, चहा घ्या — पण नवऱ्याचं नाव बाई घेत असते का कुठं? आमचे हे म्हणा, साहेब म्हणा, बेबीचे बाबा म्हणा — लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेही पुटपुटत, तेवढंच. दारावरची पाटी काहून नाही म्हणता? रंगाले दिली. कालच दिली — तुम्ही येणार असं हे म्हणालेच होते.

आता लपवून काय करू, मले ठाऊक आहे तुम्ही कोण ते. अख्ख्या धरमपेठेले वाटते हे संत्र्याच्या खात्यात आहेत — वाटू द्या. खातं गुप्त आहे, अन् मीही त्यातलीच, मशीनवर बसून कॉम्प्युटरच्या कार्डाले भोकं पाडते. मागच्या हप्त्यात वरच्या साहेबानं कॉम्प्युटरले कसलं तरी उफराटं गणित घातलं — कपाटाएवढं ते मशीन भर मे महिन्यात गारठलं — अन् उत्तराच्या जागी तुम्ही आले. तुमच्यासमोर ज्याचं नाव निघालं, तो तुमच्या पोटात. लकडगंजचा विश्वनाथ, बिचारा — साहेबानं हाक काय मारली, खुर्चीखाली नुसत्या चपला राहिल्या. तेव्हापासून ऑफिसात सगळे एकमेकाले 'अहो' म्हणून राहिले. गणित उलटं फिरवून तुमचंच नाव काढणारा माणूस एकच, आमचे हे, आज सकाळपासून त्याच मशीनवर — अगं बाई, हे नव्हतं सांगायचं. असो. म्हणून तर तुम्ही इथं आले ना, बायकोच्या तोंडून ह्यांचं नाव काढाले.

राग नाही हं माझा. तुम्ही आल्यापासून खोली कशी गार झाली, कूलर बंद केला मी. चहावर मात्र बर्फाची साय आली — दुसरा टाकू? नको? बरं. तसं सांगते, नाव गोड आहे ह्यांचं. आमची शेजारीण खुशाल नवऱ्याले नावानं हाक मारते — मले हसू येते, अन् खरं सांगू, हेवाही वाटते. मी मनात घेते, रोज, पोळ्या लाटता लाटता. वीस वर्षं झाली लग्नाले, एकदा तरी मोठ्यानं म्हणावं, र — रव्याचा लाडू घ्या ना. पुढं काहून सरकले? मागं बसा, पडाल.

थांबा, फोन वाजला — हां, बोला. निघालं? सतरा पॉइंट दोन पाच? एवढंसंच? बरं. ठेवू नका, कान लावून राहा.

तर पाव्हणे, तुमचा हट्टच आहे तर घेते नाव. रीतीनं, उखाण्यात घेते. संत्र्याच्या फोडीले पांढऱ्या शिरा, सव्वासतराचं नाव घेते, आता घरी फिरा — काहून, चेहरा काहून उतरला? तुमचंच नाव आहे. गिळा आता स्वतःले.

…अगं माय. विश्वनाथभाऊ, तुम्ही? अनवाणी? बसा गा, घाबरू नका, लाडू घ्या — हॅलो, आहे ना? गेला तो. विश्वनाथभाऊही आले, खाऊन राहिले. नाही, मी कशाले घाबरू? ऐका ना, एक म्हणू? हसाचं नाही. थांबा — विश्वनाथभाऊ, जरा आत जाता का? अन् दार लोटून घ्या.

…रवींद्र.

बरं, ठेवते. दूध उतू चाललं.