पत्र्यावरची आडवी रेघ

आजी : तो कागद भिंतीवरून काढा आधी. पाणी-बिणी नंतर.

मामा : अहो आजी, दम तर खा. दोन जिने चढून आलात. ठिणगे, स्टूल दे गं यांना.

भाची : स्टुलावर ओले कागद आहेत.

मामा : मग उचल ते!

भाची : उचलले की चुरगळतात. मग तूच बोंबलतोस.

आजी : मी उभी राहीन. पाय माझे आहेत, तुमचे नाहीत. तो कागद काढा.

मामा : कुठला पण? आज संध्याकाळी प्रदर्शन आहे आमचं. भिंतीवर पस्तीस कागद लटकलेत.

आजी : तो. टकली पोरगी खिडकीत बसलीय, तो. हाच चौकात दुधाच्या दुकानाशेजारी लावलाय तुम्ही, दाराएवढा करून. सकाळी पिशवी घेऊन गेले, मान वर केली, तर समोर मीच.

भाची : म्हणजे ती तुम्ही?

आजी : का? केस आले म्हणून ओळख पटेना?

मामा : काय सांगता! ऐकलंस का गं? चित्रातली मुलगी आपल्या पायांनी चालत छापखान्यात आली! आजी, आज फीत तुम्हीच कापायची. मोबाईल काढ, ठिणगे, फोटो घे एक...

आजी : घे. मग तो मोबाईल त्या ॲसिडच्या भांड्यात जाईल.

मामा : राहू दे गं फोटो.

आजी : हे तुम्हाला मिळालं कुठून?

मामा : भंगारवाल्याकडून. तांब्याच्या तारा, फुटके नळ, त्यात हा पत्रा. हिनेच उचलला. माझ्या बहिणीची मुलगी आहे ही. नजर बघा पोरीची, एवढ्या ढिगातून म्हणाली, मामा, याच्यावर कुणीतरी चित्र कोरलंय. आम्ही सही वाचली, पण कोण ही बाई ते शेवटपर्यंत कळेना. तुम्हाला माहितीये?

आजी : माझी थोरली बहीण. ताई. अकरा वर्षं झाली तिला जाऊन. तिच्या सुनेने माळा साफ केला असेल.

मामा : मोठी कलाकार होती हो तुमची ताई. काय हात! सुईने मेणात एकेक रेघ ओढायची, मग ॲसिडने तांबं खाऊ द्यायचं. एवढ्याशा मानेवर चारशे रेघा मोजल्या आम्ही.

आजी : मोजा. मान माझीच होती. चौदा वर्षांची होते. मुदतीच्या तापातून उठले तर डोक्यावर एक केस नाही. दिवसभर खिडकीच्या पडद्याआड बसायचे, म्हणजे रस्त्यावरून कुणाला दिसू नये. ही मागे पलंगावर वही घेऊन. मी विचारलं, काय काढतेस गं? म्हणाली, पडदा.

मामा : पडदा?

आजी : पडदाच काढला की तिने. माझ्यावरचा.

मामा : म्हणजे?

आजी : शाळेच्या मोठ्या दालनात लावलं ते चित्र. पहिलं बक्षीस. सगळी शाळा रांगेने बघायला. दुसऱ्या दिवसापासून मी गोटी. ए गोटी, ऊन पडलंय, चमकू नको. महिन्याभराने शाळेची वाटच सोडली मी. केस आले नंतर, चांगले कमरेपर्यंत आले. शाळा नाही आली.

भाची : एवढ्यावरून शाळा सोडली?

मामा : तू बोलू नको हं. तू कशावरून सोडलीस? बाईंनी पुस्तक फेकलं म्हणून!

भाची : माझ्या तोंडावर फेकलं होतं. आणि मी परत फेकलं म्हणून काढलं. सोडली नाही.

आजी : आता हे सांग. या चित्रावर एक रेघ होती. आडवी. गालावरून आरपार, तोंड आडवं चिरल्यासारखी. ती कुठे गेली?

मामा : तीच तर कमाल आहे! तुम्ही ओळखलंत म्हणजे हद्दच झाली. अहो, असली खोल रेघ होती की नख अडकायचं. मी म्हटलं, सोड, हे काही व्हायचं नाही. हिने ऐकलं नाही. पातं घेऊन कडा तासल्या, पत्रा पालथा घालून मागून ठोकला, तेल टाकून घोटला. सात आठवडे! बोटांची सालं निघाली. आता भिंग लावून दाखवा मला, कुठे होती रेघ.

आजी : आणि गाल?

भाची : गालावरच्या रेघा त्यात गेल्या. त्या मी परत ओढल्या.

आजी : तरीच. माझ्या गालाला वाटीएवढा खळगा पडला होता. तू मला खाऊन-पिऊन सुखी केलीस.

मामा : चित्राखालच्या कार्डावर हिचं नाव घातलंय, आजी. दुरुस्ती म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा हिचं नाव कुठे छापून आलं. नाहीतर एरवी शाळेच्या तक्रारीतच.

आजी : ती रेघ माझ्या ताईने मारली होती.

मामा : काय?

आजी : चार महिने मी तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. एके दुपारी आतल्या खोलीतून आवाज आला, कर्रर्र. दातांत कळ जाईल असा. संध्याकाळी जेवायला बसले तर माझ्या ताटाशेजारी हा पत्रा. रेघ मारलेला. म्हणजे पुन्हा कुणी छापू नये. बक्षिसाचं चित्र होतं ते तिचं. त्यावर शहरात शिकायला जायची होती ती.

मामा : आणि काय म्हणाली?

आजी : काही नाही. आमच्या घरात चुकलं-बिकलं म्हणायची रीत नव्हती. जसे काही जिभेला फोड यायचे. तिने जन्मात माझ्यासाठी एवढी एकच रेघ मारली. ती हिने घोटून टाकली.

भाची : मला काय स्वप्न पडलं होतं? ओरखडा म्हणजे ओरखडा! भंगारात सापडलेल्या पत्र्याला ओरखडे असणारच. एवढं होतं तर जपून ठेवायचा होता ना घरात!

मामा : ठिणगे! तोंड सांभाळ.

भाची : का सांभाळू? सात आठवडे मी मरमर केली आणि आता मीच चोर!

आजी : चोर कुणी म्हटलं नाही तुला.

मामा : आजी, तिचं मनावर घेऊ नका. तिला कळणार कसं? नववीत घरी बसलेली पोर. लिहिण्या-वाचण्याशी तिचं पहिल्यापासून वाकडं. भोळेपणाने केलंय हो. डोळे मिटून शपथ घेतो मी तिच्यासाठी.

भाची : शपथ नको घेऊ.

मामा : घेणार. माझी भाची आहे.

भाची : मामा, नको ना! वाचता येतं मला.

मामा : येतं गं बाई. मी सहज...

भाची : उलटं वाचता येतं. सुलटंही येतं.

आजी : काय म्हणतेय ही?

भाची : पत्र्यावर सगळं उलटं कोरतात. कागदावर सुलटं उमटावं म्हणून. तुमच्या ताईची सही उलटी होती. तारीख उलटी. सहीच्या खाली, अगदी कडेला, अजून एक ओळ होती. बारीक. ती सुलटी होती.

मामा : सुलटी कशी असेल? कागदावर उलटी आली असती ना.

भाची : कागदासाठी नव्हतीच ती. पत्रा हातात धरेल त्याच्यासाठी होती.

मामा : मी पाहिली नाही.

भाची : तू पाहायच्या आधी गेली. तांब्यावर चढलेलं हिरवं पुसताना मला दिसली. वाचली. तेव्हाच कळलं मला, रेघ मुद्दाम मारलीय. चुकून नाही.

मामा : आणि मला सांगितलं नाहीस?

भाची : सांगितलं असतं तर तू छापू दिलं असतंस?

मामा : मुळीच नाही.

भाची : मग! तू त्या दिवशी फ्रेमवाल्याला बोलावून म्हणाला होतास, ही माझी भाची, ही रेघ काढून दाखवणार आहे. भाची म्हणाला होतास. एरवी म्हणतोस, बहिणीने गळ्यात मारलेलं प्रकरण. मला वाटलं, आता नाही म्हटलं की मी परत प्रकरण. रेघेला सात आठवडे लागले. ओळ अर्ध्या तासात गेली. पहिली तीच घोटली. ती समोर असताना बाकीचं करवत नव्हतं.

मामा : अगं... काय केलंस तू हे.

(आजी स्टुलावरचे ओले कागद हाताने बाजूला सारते आणि बसते.)

आजी : काय होतं त्यात?

भाची : कशाला आता?

आजी : तुला वाचता येतं म्हणालीस ना? सांग मग.

भाची : "चिमणे, चुकले मी. तोंडाने येत नाही म्हणून इथे लिहिते."

आजी : चिमणे?

भाची : हो. 'चि' मोठा होता. बाकी घाईत लिहिल्यासारखं.

आजी : तापाआधी म्हणायची. मी नंतर त्या नावाला ओ द्यायचीच बंद झाले. मग तिनेही सोडलं.

मामा : आजी, पाणी आणतो.

आजी : ताटाशेजारून मी तो पत्रा उचलला, रेघ पाहिली आणि तिच्यासमोर पालथा घातला. तसाच पालथा तिने उचलून नेला. अडुसष्ट वर्षं मला वाटतंय, बाई एक शब्द बोलली नाही. अडुसष्ट वर्षं मी ती रीत सांगतेय सगळ्यांना, आमच्या घरात म्हणत नसत म्हणून.

मामा : हे घ्या. पाणी. या पस्तीसातला तुमचा कागद मी उतरवतो. चौकातला पण. प्रदर्शनाचं बघू काय ते. लोक आले तर सांगेन, मधली जागा मोकळी आहे. शिडी कुठेय? जाऊन येतो मी, तो दूधवाला आता बंद करेल.

भाची : मी येते.

मामा : तू थांब इथेच.

भाची : आजी, मला ते अक्षर लक्षात आहे. जसंच्या तसं. मी परत कोरते. रेघ पण मारते. तिथूनच, तेवढीच खोल. कुणाला कळणारसुद्धा नाही.

आजी : नाही ना कळणार. तेच वाईट आहे.

भाची : मग मी करू काय?

आजी : मला काय विचारतेस? मला कुठे कधी जमलं.

भाची : हात चालतो माझा. पाहिजे तर पत्रा मधून कापून देते. वितळवते. त्याचं भांडं करते तुम्हाला. सांगाल ते करते.

आजी : हाताने करायचं काही राहिलं नाही गं यात.

भाची : ...चुकलं माझं.

आजी : या बाजूने ये आणि मोठ्याने बोल. त्या कानाने मला ऐकू येत नाही.