परमुलखातल्यांचं गाऱ्हाणं

डोळे मिटा क्षणभर, मंडळी! हं... टाळ थांबवा रे. आता सांगा – देवाकडे काहीही मागावं का? दुसऱ्याचं वाईट मागितलं, तर? नका बोलू, नुसतं ऐका!

कोकणात कुडवळ नावाचं गाव. चैत्रातली दुपार. खाडीचं पाणी हलेना, हापूसचा वास पार देवळापर्यंत आलेला. माणसं अर्धी जागी, अर्धी स्वप्नात – हो, तुमच्यासारखीच! ताई, जागं करा बघू यजमानांना!

वर्ष निवडणुकीचं. उभे कोण? शांतारामभाऊ वाडेकर! भाषण एकच – "बागांतले नेपाळी आपल्या पोरांचं काम खातात. मला निवडून द्या, बाहेरच्यांना बाहेर काढतो!" टाळ्याच टाळ्या! आणि काढायचं कुणाला? धनबहादूरला! कित्येक वर्षं आंब्याच्या बागा राखणारा माणूस. बायकोचे दिवस भरत आलेले. कुठं जायचं हो त्यानं तिला घेऊन?

ऐन प्रचारात भाऊ आले ग्रामदेव रवळनाथासमोर. गाऱ्हाणं घालायचं! म्हणजे काय, तर गावचा घाडी नारळ धरून देवाला मोठ्यानं मागणं सांगतो, आणि गावानं "व्हय महाराजा" म्हणायचं. देवाला उत्तराविना ठेवायचं नाही – तशी रीतच!

घाडीनं नेहमीसारखी सुरुवात केली – "बा देवा महाराजा! गावची पोरां मुंबयत, आखातात, परमुलखात जंय असतीत, थंय तेंका थारो दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" देऊळ दुमदुमलं. भाऊंचा आवाज सगळ्यांत मोठा – त्यांचा मुलगा सुहास कुवेतला ना!

मग भाऊंनी शिकवलेलं मागणं – "परमुलखातली जी माणसां ह्या गावात इलीत, तेंका वेशीभायर घालव रे महाराजा!"

...शांत! एक तोंड उघडेना. आत्ताच काय मागितलं, आणि आता हे काय? भाऊंच्या मिटल्या डोळ्यांसमोर कुवेत तरळलं. तिथं एक देऊळ – हसू नका, स्वप्नात असतं! – तिथलाही एक घाडी हेच मागणं घालतोय, आणि पायरीशी पिशवी घेऊन उभा सुहास...

तेवढ्यात पायरीवरून आवाज आला – "व्हय महाराजा!"

कोण? धनबहादूर! हात जोडलेले, डोळे भरलेले.

भाऊ ओरडले, "अरे, तुकाच घालवतत! तू कित्याक व्हय म्हणतस?"

"भाऊ, देव थांबलाय. कोणीतरी बोलायला पाहिजे ना."

मंडळी, भाऊ घाडीकडे धावले! रडू आवरेना. "घाडीबा, माजा चुकला! ह्या मागणा परत घे. जो कोण गावात इलो, तेका थारो दी, म्हण!" घाडी म्हणाला. आणि गाव असं "व्हय" म्हणालं, की खाडीतले बगळे उडाले!

भाऊ निवडून आले का? पडले! त्यांनी टाकलेली घोषणा दुसऱ्यानं उचलली, आणि देवळात व्हय म्हणणारं तेच गाव मत द्यायला एकेकटं आत गेलं. धनबहादूरला मात्र भाऊंनी आपल्या पडवीत जागा दिली. मुलगी तिथंच झाली.

परवा तुमचंही मतदान. ज्यांचं कुणी परमुलखात आहे, त्यांनी हात वर करा बघू... अबब, किती हात! थांबा – खाली नका घेऊ, मंडळी! हेच हात घेऊन परवा आत जा!